शेपटी हलतेय, पण म्हणतेय काय?

ठाण्यात नव्याने राहायला आलं की कुत्र्यांबद्दलचं एक वाक्य हमखास कानावर पडतं: "घाबरू नका हो, शेपटी हलवतोय, काही करणार नाही." लॅब्रॉडॉर (लॅब) घेऊन लिफ्टमध्ये शिरलेल्या काकू ते म्हणतात, गेटवरचा वॉचमन म्हणतो, नौपाड्यात वडापावच्या गाडीपाशी उभा असलेला, त्या कुत्र्याशी काडीचाही संबंध नसलेला माणूसही म्हणतो. सगळ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण शेपटी हलवत हलवत चावणारे कुत्रे असतात. प्राण्यांच्या कुठल्याही डॉक्टरांना विचारून बघा.

शेपटी हलते याचा अर्थ इतकाच, की कुत्रा आतून चाळवला गेलाय आणि समोरच्याशी त्याला काहीतरी देणंघेणं आहे. ते प्रेमाचं, भांडणाचं की "बाबा रे, मला सोड" अशा विनवणीचं, हे नुसत्या हलण्यावरून कळत नाही. नाक्यावरून कुणी "ओ साहेब!" अशी हाक मारली, तर हाक मारणारा जुना मित्र आहे की उधारी मागायला आलेला, हे आपण त्याच्या आवाजावरून आणि चेहऱ्यावरून ओळखतो. इथेही तेच करायचं आहे.

नुकतंच पिल्लू आणलेल्यांना हे उपयोगी पडेल. त्याहून जास्त उपयोगी पडेल ते ज्यांना कुत्रा पाळायचा नाही, पण जिन्यात, पार्किंगमध्ये, रिक्षा स्टँडवर रोज ज्यांची गाठ पडते त्यांना. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या. पहिली पायरी जवळजवळ सगळेच गाळतात आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

पायरी १: आधी न हलणारी शेपटी बघा

प्रत्येक कुत्र्याची शेपटी शांत असताना कुठे असते ते ठरलेलं असतं, आणि ती जागा जातीजातीत वेगळी. ती माहीत नसेल तर "वर गेली", "खाली गेली" या शब्दांना अर्थच उरत नाही.

लॅब्रॉडॉरची शेपटी बुंध्याशी जाड असते आणि शांत असताना पाठीच्या रेषेत किंवा किंचित खाली राहते. बीगलची शेपटी मुळात वर असते, टोकाला पांढरी, म्हणजे गवतात शिरलेला कुत्रा शिकाऱ्याला लांबून दिसावा. पगची गुंडाळलेलीच. आपल्याकडे ज्याला सरसकट पामेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो आणि त्याची झुपकेदार शेपटी पाठीवर पडलेली असते. ती बघून "हा फार आत्मविश्वासाचा" असं म्हणण्यात अर्थ नाही. कारवानी हा आपल्या महाराष्ट्राचा शिकारी कुत्रा. त्याची शेपटी बारीक, लांब आणि खाली सोडलेली, टोकाशी जरा वर वळलेली. तो घाबरलाय असं वाटतं, पण ती त्याची ठेवणच आहे. हस्कीची शेपटी निवांत असताना खाली लोंबते आणि काही दिसलं की कोयत्याच्या वळणाने पाठीवर येते. (ठाण्याच्या मे महिन्यात हस्की का पाळावा, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर माझं मत फारसं सभ्य नाही.)

आपल्या गल्लीतले देशी कुत्रे म्हणजे तर सगळा मिश्र मामला. अनेकांची शेपटी वर वळलेली, काहींची पूर्ण वेटोळं झालेली, काहींची सरळ. म्हणून गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याची वेगळी ओळख करून घ्यावी लागते, आणि ते काही अवघड नाही. दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला उभ्या गाड्यांच्या सावलीत ही मंडळी आडवी असतात. कुणी उठून आळस देतो, चार पावलं चालतो, पुन्हा बसतो. त्या चार पावलांत शेपटी जिथे असते, ती त्याची मूळ जागा. घरच्या कुत्र्याची हीच गोष्ट रात्रीच्या जेवणानंतर बघा, जेव्हा त्याला कुणाकडून काही नको असतं.

पायरी २: मूळ जागेपासून वर की खाली?

शेपटी मूळ जागेपेक्षा वर गेली तर कुत्र्याचं लक्ष कशावर तरी खिळलंय किंवा तो स्वतःला मोठा दाखवतोय. फार वर, ताठ, जवळजवळ उभी झाली तर त्याचं सांगणं "ही जागा माझी आहे" या सुरातलं असतं. पाठीच्या पातळीत आडवी आणि जरा ताठ असेल, तर तो अंदाज घेतोय.

खाली जाण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत गल्लत होते. शेपटी खाली पण सैल असेल तर दमला असेल, निवांत असेल. शेपटी खाली आणि पोटाकडे ओढलेली, मागचे पाय किंचित दुमडलेले, पाठ कमानदार, तर ती भीती. त्याच अवस्थेत शेपटीचं टोक भराभर हललं की लोक म्हणतात, "बघा, किती गोड, लाजतोय!" तो लाजत नसतो. तो समोरच्याला "मी लहान आहे, मला काही करू नकोस" असं सांगत असतो. नव्या घरात आणलेलं पिल्लू पहिले काही दिवस हे बरंच करतं. अशा वेळी त्याला उचलून पाहुण्यांच्या हातातून हातात फिरवणं बंद करा, त्याच्या कोपऱ्यात त्याला बसू द्या.

शेपूट घातलेला कुत्रा भित्रा, म्हणून निरुपद्रवी, हा समजही सोडून द्या. भ्यालेल्या कुत्र्याला पळायला वाट असेल तर तो पळतो. वाट नसेल, म्हणजे जिन्याच्या वळणावर, लिफ्टमध्ये, दोन गाड्यांच्या मधल्या फटीत सापडला असेल, तर तो चावू शकतो. ठाण्यात याचा हंगामच असतो. दहीहंडीला जांभळी नाका, टेंभी नाका, वर्तकनगर भागात डीजे लागतात, विसर्जनाला ढोल-ताशे आणि दिवाळीत फटाके. त्या दिवसांत गल्लीतला रोजचा ओळखीचा कुत्राही शेपटी पायांत घालून तुमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली येऊन बसतो. त्याला हाकलू नका, कुरवाळायलाही जाऊ नका. पाण्याचं भांडं लांबून सरकवा आणि त्याची बाहेर जायची वाट मोकळी ठेवा.

पायरी ३: झोका कसा आहे?

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. शेपटी म्हणजे पाठीच्या कण्याचंच पुढे गेलेलं टोक. त्यातल्या मणक्यांभोवती स्नायू आहेत आणि ते सैल आहेत की ताणलेले, हे झोक्यात उतरतं. म्हणून किती जोरात हलते यापेक्षा किती सैल हलते हे बघा.

सैल, रुंद झोका, ज्यात शेपटीबरोबर कंबरही डोलते आणि कुत्र्याचं मागचं अर्धं अंग डावी-उजवीकडे वळतं, तो खरा आनंद. घरात अशा शेपटीच्या टप्प्यात चहाचा कप ठेवू नये. काही कुत्रे फार आवडता माणूस आला की शेपटी गोल गोल फिरवतात; हा प्रकार चुकायला वाव जवळजवळ नसतो. इथे मालकांनी "काही करणार नाही" म्हटलं तर ते खरं आहे, अंगावर उडी मारून पांढऱ्या शर्टवर पंजे उमटवले तर तेवढंच.

आता याच्या उलट टोक. शेपटी वर, ताठ, आणि हलतंय ते फक्त टोक, बारीक आणि वेगात, थरथरल्यासारखं. बाकी अंग हलत नाही. हा कुत्रा पेटलेला आहे. पुढच्या क्षणी तो झेप घेईल, भुंकेल किंवा मागे फिरेल, पण या घडीला त्याच्याजवळ जायचं नाही, त्याच्या नजरेला नजर द्यायची नाही. उपवन तलावाकाठी सकाळी दोन कुत्रे समोरासमोर आले की हे हमखास दिसतं. एक पट्ट्यातला बीगल, एक तिथलाच देशी. दोघांच्या शेपट्या वर, दोघांची टोकं थरथरतायत, आणि दोन्हीकडची माणसं कौतुकाने म्हणतायत, "हाय-हॅलो करतायत!" बीगलवाल्यांनी त्या वेळी दोरी खेचू नये. दोरी ताणली की बीगलची छाती वर उचलली जाते आणि समोरच्याला ते आव्हान दिसतं. आनंदी आवाजात हाक मारून, स्वतः वळून, वळसा घेत चालू लागावं. कुत्रा बहुतेक वेळा मागे येतो.

मधला एक प्रकार असतो: शेपटी ना वर ना खाली, झोका सावकाश, थांबत थांबत. याला काही ठरवता आलेलं नाही. तुम्ही कोण, खायला आणलंय की हुसकवायला आलात, हे तो बघतोय. त्याला वेळ द्या. गेटवरचे कुत्रे नव्या भाडेकरूला पहिले काही दिवस असेच भेटतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं: हलणारी शेपटी एकदम थांबते तेव्हा. तुम्ही कुरवाळताय, शेपटी हलतेय, आणि अचानक ती थबकते, तोंड मिटतं, अंग गोठतं. बरेच लोक सांगतात की कुत्रा "काही कारण नसताना, एकदम" चावला. त्या एकदमच्या आधी बऱ्याचदा हा थांबा असतो, एखाद सेकंदाचा. तो दिसला की हात मागे घ्या. झटक्याने नाही, सावकाश.

पायरी ४: उजवीकडे की डावीकडे?

ही पायरी मजेची आहे, रस्त्यात फारशी उपयोगाची नाही. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये ३० पाळीव कुत्र्यांना एकेक करून चार गोष्टी दाखवल्या: स्वतःचा मालक, अनोळखी माणूस, मांजर आणि एक दांडगा अनोळखी कुत्रा. शेपटीचा झोका कॅमेऱ्याने मोजला. मालक दिसल्यावर झोका उजवीकडे जास्त जात होता, दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडे. हे डावं-उजवं कुत्र्याच्या बाजूने, तुमच्या नव्हे. मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या बाजूचे स्नायू हलवतो, आणि जवळ जावंसं वाटणं हे त्या डाव्या भागाशी जोडलेलं आहे, असा त्याचा खुलासा. पुढे २०१३ मध्ये त्यांनी कुत्र्यांनाच दुसऱ्या कुत्र्यांच्या हलत्या शेपट्यांची चित्रफीत दाखवली. झोका डावीकडे झुकलेला असला की बघणाऱ्या कुत्र्यांची छाती जास्त धडधडायची आणि ते अस्वस्थ व्हायचे. म्हणजे त्यांना एकमेकांचं हे कळतं.

घरच्या कुत्र्यावर करून बघायचं असेल तर त्याच्या मागे उभं राहून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा, घरातलं कुणीतरी दारातून आत येत असताना. गल्लीत मात्र डावं-उजवं मोजत उभे राहू नका.

पायरी ५: शेपटीवरून नजर वर न्या

शेपटीने जे सांगितलं ते बाकीच्या अंगाकडून पडताळून घ्यायचं असतं. बघायचा क्रम असा ठेवा: तोंड, डोळे, कान, पाठ, पाय.

तोंड सैल उघडं, जीभ बाहेर, ओठांच्या कडा मऊ, तर बरं. तोंड मिटलेलं, किंवा समोर खाऊ नसताना वारंवार नाक चाटणं, तहान-झोप नसताना जांभई, ही अस्वस्थतेची खूण. डोळ्यांचं पांढरं कोपऱ्यात चंद्रकोरीएवढं दिसू लागलं, म्हणजे तोंड एकीकडे आणि नजर दुसरीकडे, तर तो दबावाखाली आहे. कान मागे चिकटलेले म्हणजे भीती किंवा अजिजी, ताठ पुढे म्हणजे रोखलेलं लक्ष. मानेपासून शेपटीपर्यंतचे केस उभे राहणं म्हणजे नुसता राग नव्हे, खेळाच्या उत्साहातही ते होतं. पण अनोळखी कुत्र्याच्या बाबतीत तो राग समजूनच वागलेलं बरं. पाय बघताना वजन कुठे आहे ते बघा. पुढे झुकलेला कुत्रा येणार आहे, मागे रेललेला जाऊ पाहतोय.

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरची लिफ्ट डोळ्यांपुढे आणा. बाराव्या मजल्यावर दार उघडतं. आत मालक आणि त्यांचा लॅब, बाहेर दप्तर पाठीला लावलेला सहा-सात वर्षांचा मुलगा. लॅबची शेपटी हलतेय. मालक म्हणतात, "ये रे बाळा, फ्रेंडली आहे." आता शेपटीवरून वर बघा. शेपटी पाठीच्या पातळीच्या खाली, झोका अरुंद. तोंड मिटलेलं. एकदा जीभ नाकावरून फिरली. डोळ्यांची पांढरी कड दिसतेय. पार्श्वभाग लिफ्टच्या मागच्या भिंतीला टेकलाय. हा कुत्रा दुष्ट नाही, कदाचित आजवर कुणाला चावलाही नसेल. पण मुलगा आत आला, दार बंद झालं आणि दप्तराचा कोपरा त्याच्या तोंडावर आला, तर त्याच्यापाशी मागे सरकायला जागा नाही. मालकांनी म्हणायला हवं ते हे: "बाळा, तू पुढच्या लिफ्टने ये, याला गर्दी आवडत नाही." आणि मुलाच्या आईने ते मनाला लावून घेऊ नये.

पायरी ६: प्रसंग कोणता?

एकच कुत्रा, एकच शेपटी, पण जागा बदलली की अर्थ बदलतो. साखळीला बांधलेला कुत्रा तुमच्याकडे बघून जोरजोरात शेपटी हलवतो. त्यात येता येत नसल्याची चडफडही असू शकते. समोर हाड किंवा बिस्किटांचा पुडा असेल, तर शेपटी कशीही हलो, जवळ जायचं नाही. पिल्लांजवळची आई ओळखीच्या माणसाकडे बघून शेपटी हलवते आणि तरी पिल्लाला हात लावला की चावते, कारण तिच्या मनात दोन्ही एकाच वेळी चालू असतं. गाडीखाली झोपलेल्या कुत्र्याला उठवून त्याची शेपटी वाचायच्या भानगडीत पडू नका.

येऊरच्या पायथ्याशी राहायला आलेल्यांना एक वेगळा अनुभव येईल. संध्याकाळनंतर तिथले कुत्रे जंगलाकडे तोंड करून उभे राहतात, काहींच्या शेपट्या वर, काहींच्या पोटाखाली, आणि सगळे मिळून भुंकतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेला हा भाग आहे, बिबट्या तिथला रहिवासी आहे. कुत्रे भुंकतायत म्हणून टॉर्च घेऊन बघायला जाणं हा शहाणपणा नाही, आणि आपला कुत्रा त्या वेळी फिरवायला नेणं तर नाहीच.

आता हात लावायचा का?

पाळलेल्या कुत्र्याला हात लावायचा असेल तर आधी मालकांना विचारा आणि मग कुत्र्याला विचारा. कुत्र्याला विचारायची रीत अशी: समोरून वाकू नका. जरा आडवे उभे राहा किंवा बसा, हात खाली सैल ठेवा. तो स्वतःहून आला, हुंगलं आणि सैल शेपटीने तिथेच थांबला, तर छातीवर किंवा हनुवटीखाली खाजवा. डोक्यावरून थोपटणं आपल्याला आवडतं, पुष्कळ कुत्र्यांना नाही. मनात तीन म्हणेपर्यंत खाजवून हात काढून घ्या. पुन्हा अंग घासत आला तर त्याला हवंय. मान वळवली, अंग झटकलं, दोन पावलं बाजूला गेला तर नको आहे. मुलांना हाच खेळ म्हणून शिकवा, भाषणापेक्षा लवकर शिकतात.

शेपटी छाटलेल्या कुत्र्यांची पंचाईत असते. जुन्या फॅशनपायी डोबरमन, रॉटवायलर, बॉक्सर यांच्या शेपट्या कापतात, आणि मग बाकीच्या कुत्र्यांना त्यांचं म्हणणं नीट कळत नाही. कॅनडात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात खोट्या, रिमोटवर चालणाऱ्या कुत्र्याला कधी लांब तर कधी आखूड शेपटी लावली होती. लांब शेपटी हलती असेल तेव्हा खरे कुत्रे जास्त संख्येने जवळ आले, स्थिर असेल तेव्हा कमी. आखूड शेपटी हलो वा न हलो, त्यांना फरक करता आला नाही. अशा कुत्र्याच्या फक्त कंबरेकडे आणि तोंडाकडे बघा. आणि नवीन पिल्लू घेताना "शेपूट कापून देतो" असं कुणी म्हणालं, तर तिथून पिल्लूच घेऊ नका.

रस्त्यावर कुत्रे अंगावर आले तर

रात्री स्टेशनवरून चालत येताना तीन-चार जण शेपट्या वर करून समोर आले, तर पळायचं नाही. पळणाऱ्याच्या मागे लागणं हे त्यांच्या रक्तातच आहे. जागच्या जागी थांबा, हात अंगाशी घ्या, नजर जमिनीकडे, अंग किंचित आडवं. ओरडू नका, दगडासाठी वाकल्याचं नाटकही नको; कुठले कुत्रे त्याने पळतात, कुठले जास्त चिडतात. त्यांच्या शेपट्या खाली येऊन झोका सैल झाला की हळूहळू, पाठ न दाखवता, बाजूने निघा. बाइकवर असाल तर वेग वाढवण्याऐवजी कमी करा. पुष्कळदा गाडी थांबली की पाठलागही थांबतो.

कानाला खाच असलेला कुत्रा म्हणजे निर्बीजीकरण झालेला, आणि त्याच वेळी त्याला रेबीजची लसही टोचतात. चांगलीच गोष्ट. पण त्या लसीचा पुढचा डोस वेळेवर झालाय की नाही हे कानावरून कळत नाही.

म्हणून चावा बसला, किंवा नखाने-दाताने नुसतं खरचटलं तरी, जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, तेल काही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं आहे, नवी मुंबईकरांना वाशीचं महापालिका रुग्णालय आहे. पोटात चौदा इंजेक्शनं हा जुना काळ; आता लस दंडात देतात, पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि पुढच्या ठरावीक दिवशी. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर जखमेच्या आत आणि भोवती वेगळं इंजेक्शन लागतं, ते मागून घ्या. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की जवळजवळ कुणी वाचत नाही. म्हणून "दहा दिवस कुत्र्याकडे बघू, मग ठरवू" असं करू नका. कुत्र्यावर लक्ष ठेवा, पण लस आधी सुरू करा.

शेपटीच आजारी असेल तर

कधी कधी शेपटीचं बोलणं बंद होतं ते दुखण्यामुळे. पोहल्यानंतर, फार दमछाक झाल्यावर किंवा थंडीत भिजल्यावर लॅबसारख्या कुत्र्याची शेपटी एकदम लुळी पडते, बुंध्याशी थोडी आडवी आणि पुढे लोंबती. पावसाळ्यात फार्महाऊसवरून आलेले मालक घाबरून जातात, कुत्रा उदास झालाय म्हणतात. तो उदास नाही, शेपटीच्या स्नायूंना ताण आलाय. बहुतेक वेळा विश्रांतीने काही दिवसांत उतरतो. तरीही एकदा डॉक्टरांना दाखवा, कारण शेपटीचं हाड मोडलं किंवा बुडाजवळच्या ग्रंथी भरल्या, तरी शेपटी अशीच पडलेली राहते. कुत्रा बूड जमिनीवर घासत असेल तर ग्रंथींचा संशय घ्या.

याच्या उलट, अरुंद पॅसेजमध्ये आनंदी लॅबची शेपटी भिंतीवर आपटून टोक फुटतं आणि भिंतीवर रक्ताचे शिंतोडे उडतात. जखम भरेपर्यंत त्याचं स्वागत हॉलच्या मधोमध करा. पट्टी घट्ट बांधू नका, टोकाचा रक्तपुरवठा अडतो. पट्टी डॉक्टरांकडूनच करून घ्या. आणि घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यातलं काहीही मनाने देऊ नका, माणसाच्या या गोळ्या कुत्र्यांना विषारी ठरतात.